मखमली पान आणि दोन चुकीच्या कुंड्या

बेळगावातल्या शहापूरच्या काकूंचा फोन आला तो गणपतीच्या तोंडावर. सुरुवातच अशी, "तुझं ते आर्किड मरायलंय बघ." माझं नव्हतं ते. काकूंच्या साठीला पुण्याच्या मुलानं कुरियरनं पाठवलेलं रोप होतं. पण बेळगावात ओळखीच्या कुणाकडं आमरी, म्हणजे हे आर्किडच, आजारी पडली की ती माझी होते. वीस वर्षं गच्चीवर हेच उद्योग केल्यावर दुसरं काय होणार!

झाड होतं लुडिशिया डिसकलर, जुन्या पुस्तकांतली हेमारिया. रोपवाटिकांत 'ज्वेल ऑर्किड' म्हणून विकतात. बहुतेक आमरी लोक फुलासाठी पाळतात, ही पानासाठी. पान काळपट, मरून-हिरवं, हाताला मखमल लागावी तसं. त्यावर देठापासून टोकापर्यंत तांबूस सोनेरी शिरा, आणि पान उजेडात जरा तिरकं धरलं की त्या चमकतात. काकूंच्या सासऱ्यांचे माग होते, घरात शहापुरी साड्या विणल्या जायच्या. रोप खोक्यातून काढल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "जर धरलाय की गं पानात!" याहून नेमकं वर्णन मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. ही मूळची दक्षिण चीन, ब्रह्मदेश, मलाया, इंडोनेशिया या पट्ट्यातली. सदाहरित रानाच्या सावलीत, कुजक्या पाल्यात आणि ओल्या खडकांच्या खाचांत ती सरपटत वाढते. खोड जमिनीलगत आडवं, मांसल, पेऱ्यापेऱ्यांचं, आणि पेऱ्याला जिथं ओल सापडेल तिथं मूळ.

हे सगळं कुरियरच्या खोक्यात लिहून आलेलं नव्हतं. खोक्यावर फक्त 'ऑर्किड' लिहिलं होतं, आणि पुढचा सगळा घोळ त्या एका शब्दानं झाला.

काकूंचं घर जुनं. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, मंगळुरी कौलं, पुढं पडवी, मध्ये माजघर, मागं न्हाणी आणि विहीर. रोप आलं जानेवारीत. तीन खोडं, अकरा पानं, मुळांभोवती मूठभर कोकोपीट. घरच्यांनी मोबाईलवर बघितलं, गावातल्या एका रोपवाटिकेत विचारलं, आणि दोन्हीकडं उत्तर एकच मिळालं: आर्किडला माती चालत नाही, कोळसा आणि विटेचे तुकडे घाला. हे उत्तर देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कुठलं झाड असतं ते मला माहीत आहे. आपल्या भागात आमरी म्हटली की फणसाच्या नाहीतर आंब्याच्या फांदीवरून लोंबणारी सीतेची वेणी; कन्नडात तिलाच सीताळे दंडे म्हणतात. तिची मुळं जाड, वरून रुपेरी. ती हवेत राहतात, पाऊस झेलतात आणि तासाभरात कोरडीही होतात. तिला कोळसा-वीट ठीकच. पण लुडिशियाच्या मुळाला ते रुपेरी जाड कवच नसतं. मूळ आखूड असतं आणि त्यावर दाट, बारीक लव. ती लव पाल्याच्या कणांना चिकटून बसते आणि तिथली ओल ओढते. तिला विटेचे तुकडे देणं म्हणजे तहानलेल्याला रिकामा तांब्या देणं.

फेब्रुवारीत बेळगावची हवा फिरते. पहाटे गारवा, दुपारी कोरडं वारं, ओठ फुटतात. कोळशातून पाणी पाच मिनिटांत खाली जायचं. पानांच्या कडा आत वळल्या, खालची पानं कागदासारखी झाली. काकूंनी फवारणीची बाटली आणली आणि दिवसातून चार वेळा पानं भिजवायला लागल्या. पानांच्या बगलेत रात्रभर पाणी साचून राहायचं आणि मुळं तशीच कोरडी. एप्रिल-मेमधल्या दोन वळवांनी झाड थोडं सावरलं, म्हणून कुणी फार मनावर घेतलं नाही.

जूनमध्ये परसात काम करायला माळी आला. त्यानं कुंडीत हात घातला आणि म्हणाला, "इदु नेलद गिड, अव्वा." हे जमिनीवरचं झाड आहे. माणूस बरोबर होता! सगळ्या गोष्टीत झाडाकडं बघून बोललेला तो पहिला. पण जमिनीवरचं म्हणजे मातीतलं, असं त्यानं धरलं. परसातली तांबडी माती, त्यात एक तृतीयांश लेंडीखत, आणि भरायला काकूंना आवडलेलं निळं चिनी मातीचं भांडं. भांड्याला खाली भोक नाही. खोडं सरळ उभी करून चार बोटं खोल पुरली आणि कुंडी पडवीत ठेवली, कारण 'रानातलं आहे, पावसाची हवा लागू दे.'

रानात ही आमरी जमिनीवर राहते म्हणजे नेमकी कुठं राहते, हा प्रश्न इथं कुणी विचारला नाही. ती मातीच्या वर दोन-तीन बोटं जाडीचा जो कुजक्या पानांचा थर असतो, त्यात राहते. त्या थरात हवा भरपूर खेळती असते. परसातली तांबडी माती एक पाऊस खाल्ला की बसते आणि विटेसारखी घट्ट होते. शिवाय जून ते सप्टेंबर इथं ऊन कमी, झिमझिम सतत. सुकायला वावच मिळत नाही. बेळगावचा पाऊस बाराशे-तेराशे मिलिमीटर. पश्चिमेला कणकुंबीकडं गेलात तर याच्या दुपटीहून जास्त, पूर्वेला अथणीत निम्म्याच्या आसपास. एकाच जिल्ह्यात हा असा फरक असताना 'आठवड्यातून दोनदा पाणी' असले सल्ले कसे देतात, हे मला कधी कळलेलं नाही.

मी गेले तेव्हा कुंडी पडवीतून माजघरात आणून ठेवलेली, मखराच्या सजावटीत चांगली दिसेल म्हणून. अकरापैकी सहा पानं शिल्लक. वरून बघितलं तर दोन खोडांची शेंड्याकडची पानं अजून सुंदर, म्हणूनच काकूंना वाटत होतं की एखादं टॉनिक दिलं की भागेल. कुंडीजवळ वाकले तर चिलटं उठली. नासक्या बटाट्याला येतो तसला वास आला.

आधी बाकीच्या शक्यता बघून घेतल्या. पानांच्या बगलांत आणि पाठीमागं पिठ्या ढेकूण नव्हता. एका कोवळ्या पानाची कड अर्धगोल खाल्लेली होती, ती गोगलगाईची. पडवीच्या भिंतीवर तिचा चकाकता माग अजून दिसत होता. उन्हाचा चट्टा कुठं नाही. मग वर्तमानपत्र पसरून कुंडी उपडी केली. मातीचा गोळा भांड्याचा आकार घेऊन अख्खा बाहेर आला. खालच्या दोन बोटांत काळा चिखल.

खोड तपासायची माझी एक साधी पद्धत आहे. अंगठ्याच्या नखानं पेर हलकेच दाबायचं. निरोगी पेर आल्याच्या कोवळ्या कोंबासारखं घट्ट लागतं, नख घसरतं. इथं पहिल्या खोडाची खालची चार पेरं दाबली तर साल मोज्यासारखी सरकून हातात आली, आत नुसता एक तंतू. दुसऱ्याची तीन पेरं तशीच. तिसरं खोड शेंड्यापर्यंत गेलेलं, पान लागलेलं होतं ते केवळ सवयीनं. लव असलेली जिवंत मुळं मोजून दोन, तीही वरच्या बाजूला, मातीच्या पृष्ठभागाला टेकलेल्या पेऱ्यातून फुटलेली. म्हणजे झाडानं आपल्याला कुठं राहायचंय ते स्वतःच दाखवून ठेवलं होतं.

कुज बुरशीची की जिवाणूंची, हे डोळ्यांनी खात्रीनं सांगता येत नाही. पिथियम, फायटोफ्थोरा असल्या बुरशा ओल्या कुंडीत हेच करतात आणि जिवाणूंची मऊ कुजही अशीच दिसते. वासावरून मला दुसरीचा संशय जास्त होता. शेजारच्या एका काकांनी मोरचूद सुचवला, त्यांच्याकडं होताही. मी नको म्हटलं. तांब्याची औषधं काही आमरींना सोसत नाहीत, आणि इथं औषधापेक्षा ब्लेड कामाचं होतं. कुजलेला भाग काढला की कारण कुठलंही असो, ते त्याच्याबरोबर जातं.

दाढीचं नवं ब्लेड गॅसच्या ज्योतीवर धरून निववलं, आणि कुजलेल्या जागेच्या वर एक अख्खं निरोगी पेर सोडून काप घेतला. कापलेली चकती बघायची: पांढरट हिरवी हवी. मध्ये तपकिरी ठिपका दिसला की आणखी वर, आणि दर वेळी ब्लेड पुन्हा ज्योतीवर. दुसऱ्या खोडाला तीन वेळा कापावं लागलं. काकू प्रत्येक कापाला "अगंऽ, पुरे की" म्हणत होत्या. शेवटी हाताशी राहिले पाच तुकडे: पानं असलेले दोन शेंडे, आणि पान नसलेली पण घट्ट अशी दोन-तीन पेरांची तीन खोडकं. कापांना दालचिनीची पूड लावली. ती फक्त कापाला. मुळांवर पडली तर मुळं सुकवते. मग सगळे तुकडे सुपात घालून दुसऱ्या दिवशीपर्यंत माजघरातच सावलीत ठेवले. कापल्या कापल्या ओल्यात लावले असते तर तीच गोष्ट पुन्हा झाली असती.

नव्या कुंडीसाठी मला परळ, म्हणजे मातीचं पसरट उथळ भांडं, हवा होता. सरपटणाऱ्या खोडाला खोली नको, पसारा हवा. खानापूरची माती कौलांना आणि कुंभारकामाला नावाजलेली, तिथला पसरट परळ काकूंच्या माळ्यावरच निघाला. तळाला खिळ्यानं आणि दगडानं हलक्या हातानं तीन भोकं पाडली, परळ फुटला नाही हे नशीब. मिश्रण असं केलं: दोन वाट्या आंब्या-फणसाचा चांगला कुजलेला पाला चाळून, एक वाटी कोकोपीट तीन पाण्यांतून धुऊन, कारण त्यात बरेचदा क्षार असतात, एक वाटी जाड वाळू, आणि एक वाटी भाताचं अर्धवट जळकं तूस. तूस आपल्याकडं भातगिरणीवर फुकट मिळतं, आणि कुंडीत हवा खेळती ठेवायला याहून स्वस्त काही नाही. काकूंच्या पहिल्या कुंडीतला कोळसा फेकून न देता हरभऱ्याएवढा फोडून त्यातच मिसळला. मिश्रण ओलं करून मुठीत दाबलं तर लाडू व्हावा आणि बोट लावताच फुटावा, एवढीच माझी कसोटी.

दोन्ही शेंडे आणि एक खोडकं परळात आडवं ठेवलं. पुरलं नाही, अर्धं बुडेल एवढंच टेकवलं आणि काकूंच्या अंबाड्याचे आकडे उलटे खोचून जागच्या जागी धरलं. उरलेली दोन खोडकं लोणच्याच्या रिकाम्या बरणीत, खालचं एकच पेर पाण्यात राहील अशी. ही आमरी पाण्यात मूळ धरते, आणि आत काय चाललंय ते काचेतून दिसत असल्यानं काकूंचा हात उकरायला शिवशिवणार नाही, हाही हेतू होता.

जागा माजघरातली. चौकाकडं उघडणारी उत्तरेची खिडकी, आणि खिडकीशेजारी तिवईवर पाण्याचा माठ. सकाळी दहाला दिवा न लावता तिथं पेपर वाचता येतो, हात धरला तर सावली पडते पण तिची कड पुसट. इतका उजेड या झाडाला पुरतो. छोट्या दगडांच्या ताटलीत पाणी घालून वर कुंडी ठेवायचा जो उपाय सांगतात, त्यानं हवेतली ओल वाढते यावर माझा फारसा विश्वास नाही. माठ मात्र दिवसभर पाझरतो, तिथल्या हातभर जागेत गारवा जाणवतो. पाणी पागोळ्यांचं, घागरीत धरलेलं. बोअरचं पाणी बंद केलं, कारण निळ्या भांड्याच्या काठावर त्याचा पांढरा थर मी पाहिला होता.

इथं माझी चूक सांगून टाकते. मूळ लवकर धरावं म्हणून मी परळातल्या खोडक्यावर प्लॅस्टिकची पिशवी घातली. सप्टेंबरच्या हवेत आधीच इतकी ओल होती की पिशवीची काही गरजच नव्हती. सहाव्या दिवशी त्याला पांढरी बुरशी. काढून टाकलं, पिशवीही काढली. पाचाचे चार राहिले.

बरणीतल्या खोडक्यांना तिसऱ्या आठवड्यात पांढरे टोचे दिसले. परळातल्या शेंड्यांची पानं महिनाभर जशीच्या तशी, ना वाढ ना घट. काकू रोज फोन करायच्या. दसरा होऊन गेल्यावर एका शेंड्यातून गुंडाळलेलं, तांबूस, उंदराच्या कानाएवढं नवं पान निघालं आणि फोन बंद झाले.

डिसेंबरात मी सहज गेले तर पानं पुन्हा लोळलेली. परळ हलका, माती भुरभुरीत. बारा दिवस पाणी नाही. काकूंच्या भाच्यानं सांगितलं होतं, "मावशी, जमिनीवरच्या आमरी थंडीत झोपतात, पाणी तोडायचं." पुन्हा तेच: गोष्ट खरी, झाड दुसरं. भाचा कणकुंबीकडचा. पावसाळ्यात तिथल्या आणि चोर्ल्याच्या सड्यांवर, म्हणजे खडकाळ पठारांवर, हॅबेनेरिया वंशाच्या आमरी उगवतात. त्यातल्या एकीचं तर एखादंच गोल पान खडकावरच्या मातीला चपटं चिकटलेलं असतं आणि वर पांढरी फुलं. पाऊस सरला की ती वरून नाहीशी होते, खाली कंद उरतो, तो पुढच्या मृगापर्यंत झोपतो. अशा झाडाला हिवाळ्यात पाणी घातलं तर कंद कुजतो, तेव्हा भाच्याचं म्हणणं त्या झाडापुरतं बरोबर. पण लुडिशियाला कंदच नाही. तिचा साठा जो काही आहे तो त्या मांसल पेरांत, आणि तिच्या मूळ रानात पाला कधी पुरता सुकत नाही. थंडीत तिचं पाणी कमी करायचं, तोडायचं नाही. वरचा बोटभर थर सुकला की घालायचं, एवढंच.

भाच्यानं दोन वर्षांपूर्वी सड्यावरून एक हॅबेनेरिया खणून आणून डब्यात लावली होती, ती पुढच्या पावसात उगवली नाही. मी त्याला चार शब्द सुनावले. या आमरी मातीतल्या विशिष्ट बुरशीच्या साथीनं जगतात. त्यांचं बी धुळीसारखं बारीक, त्यात अन्नाचा साठाच नसतो, रुजायलाही बुरशी लागते. डब्यातल्या मातीत ते नातं टिकेलच असं नाही. आणि खानापूर तालुक्यात २०११पासून भीमगड अभयारण्य आहे. त्याच्या हद्दीत कंद उपटणं हा सरळ गुन्हा. आमरीच्या जवळपास सगळ्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रण-यादीत आहेत, हेही सांगितलं. ते त्यानं हसण्यावारी नेलं. गुन्हा हा शब्द मात्र लागला.

पुढचं वर्ष शांत गेलं. मार्चपासून पंधरा दिवसांनी एकोणीस-एकोणीस-एकोणीस, तेच विद्राव्य खत जे द्राक्षाला, भाजीला सोडतात, पण लिटरला फक्त अर्धा ग्रॅम. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंद. बरणीतली दोन्ही खोडकी जूनमध्ये परळातच सामावून घेतली. पाण्यात वाढलेलं मूळ ठिसूळ असतं, त्यातली थोडी मोडलीच. पावसाळ्यात परळ पडवीत जाऊ दिला नाही. मध्ये एकदा सगळ्यात खालचं पान पिवळं पडलं तेव्हा काकूंपेक्षा मीच घाबरले, खोड दाबून बघितलं, घट्ट होतं. जुनं पान गळतंच, त्याला काही इलाज लागत नाही.

नोव्हेंबरात बाहेर रात्री चौदा-पंधरा अंशांवर आल्या, माजघरात अठराच्या आसपास. दिवस आखूड झाले. मोठ्या शेंड्याची वरची पानं लहान-लहान येत गेली आणि मधून एक केसाळ, तांबूस दांडा वर आला. काकूंनी आधी तो रोग समजून फोटो पाठवला. संक्रांत झाल्यावर फुलं उमलली: वीतभर दांड्यावर दहा-बारा, पांढरी, नखाहून थोडी मोठी, मध्ये पिवळा ठिपका. जवळून बघितलं की फुलाचा मधला भाग एका बाजूला पिळलेला दिसतो, कुणी मुद्दाम मान मुरगळल्यासारखा. काकूंनी चष्मा लावून नीट बघितलं आणि म्हणाल्या, "एवढ्यासाठी दोन वर्षं? पानच बरं होतं की." फूल आलेलं खोड त्यानंतर पुढं वाढत नाही, बाजूच्या पेऱ्यातून नवे फुटवे येतात. तसे तीन आले.

त्यातला एक फुटवा या मे महिन्यात काकूंनी मुळासकट काढून अथणीच्या विहीणबाईंना दिला, मला न विचारता. तिथं काळी माती, बोअरचं पाणी, आणि मेमधली दुपार चाळीसच्या घरात. मला कळलं ते विहीणबाईंचा फोन आल्यावर. पानाच्या कडा वळल्यात म्हणाल्या. मी कुंडी कुठली विचारलं, उंच प्लॅस्टिकची होती. माठ कुठं ठेवता विचारलं, तर म्हणाल्या फ्रीज आल्यापासून माठ माळ्यावर आहे. तो खाली काढून भरा, शेजारी उत्तरेकडं रोप ठेवा आणि पाऊस पडेपर्यंत फिल्टरचं पाणी घाला, असं सांगितलंय. परळ इकडून पाठवते.